टाकी रिकामी करण्याचा ऑक्टोबर

१७८४-८५च्या हिवाळ्यात क्वेबेकमध्ये ब्रिटिश तोफखान्याच्या मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी १३ इंची लोखंडी तोफगोळे घेतले आणि त्यांत दारूऐवजी पाणी भरलं. तोंडाशी लोखंडी बूच ठोकून बसवलं आणि गोळे रात्रभर उघड्यावर ठेवून दिले. बाकीचं काम थंडीने केलं. एका गोळ्याचं बूच चारशे फुटांहून लांब जाऊन पडलं. ज्या गोळ्याचं बूच हललं नाही, तो गोळाच मध्ये तडकला आणि भेगेतून बर्फाची पाळ बाहेर आली. विल्यम्स यांचा वृत्तान्त पुढे एडिंबराच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथात छापला गेला. त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी धातूचे छोटे गोळे पाणी गोठवून फोडले होते. पण तोफगोळा फोडण्यासाठी खर्चाची थंडी परवडत नाही, ती क्वेबेकसारखी फुकट मिळावी लागते.

त्याच कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आज दर ऑक्टोबरमध्ये लाखो कुटुंबं विल्यम्स यांचा प्रयोग आपल्या अंगणात घडू नये म्हणून खटपट करत असतात. गाडीमागे जोडून न्यायचा कॅम्पर ट्रेलर म्हणजे चाकांवरचं सुट्टीतलं बिऱ्हाड. हिवाळाभर ते घराशेजारी किंवा भाड्याच्या आवारात नुसतं उभं असतं. उभं करण्याआधी त्यातली पाणी तापवायची टाकी रिकामी करावी लागते. आधी गॅस बंद, विजेची कळ बंद. मग पाणी निवण्याची वाट पाहायची. घाई केली तर दाबाखालचं कढत पाणी थेट अंगावर. नंतर वरची सुरक्षा झडप उघडून हवा आत घ्यायची, आतले गरम पाण्याचे नळ मोकळे सोडायचे आणि बाहेरच्या बाजूने पान्याने तळाचं बूच काढायचं. वीस-पंचवीस लिटर पाणी गवतावर धो-धो ओतलं जातं. बुचाच्या पातळीखाली थोडं पाणी उरतं, पण त्याला फुगायला वर भरपूर जागा असते, त्यामुळे त्याची काळजी नसते.

काम तासाभराचंही नाही. त्यामागचा इतिहास मात्र लांबलचक आहे, कारण तो खरं म्हणजे सोयीचा इतिहास आहे. पाणी बादलीत होतं तोवर प्रवाशाने थंडीत पाण्याची फिकीर केली नाही. संध्याकाळी उरलेलं ओतून दिलं की झालं. पाणी नळ्यांतून भिंतीआड गेलं, बंद टाकीत साठलं आणि तापून हवं तेव्हा मिळू लागलं, तेव्हापासून त्याला थंडीत सांभाळणं हा एक वेगळा उद्योग झाला.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत सगळेच शिकतात. या नऊ टक्क्यांचा त्रास शहरांना घरांच्याही आधी झाला. १८२५मध्ये पूर्ण झालेला न्यूयॉर्क राज्यातला ईरी कालवा हिवाळ्यात बंद ठेवला जाई आणि बर्फाने लॉकांची दारं व भिंती मोडू नयेत म्हणून त्याचे भाग रिकामे केले जात. ही रीत आजही चालू आहे. रस्त्यावरच्या अग्निशमन नळांचंही तेच. थंड प्रदेशातल्या हायड्रंटची मुख्य झडप जमिनीच्या आत, थंडी पोचत नाही इतक्या खोल असते आणि वापर संपला की वरच्या खांबातलं पाणी आपोआप झिरपून जातं. खांबाच्या आकाराच्या हायड्रंटचं श्रेय बहुधा फिलाडेल्फियाच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते फ्रेडरिक ग्राफ यांना देतात. त्याला पुरावा मात्र नाही. १८३६च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयाला आग लागली आणि तिथली कागदपत्रं जळून गेली. आग विझवायच्या नळाचं पेटंट आगीतच गेलं, अशी ही कथा सांगतात.

घरातला प्रश्न अधिक भयंकर होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी शहरांतल्या सुखवस्तू घरांत गरम पाणी स्वयंपाकाच्या शेगडीतून येई. कोळशाच्या भल्यामोठ्या ओतीव शेगडीत, जाळाच्या मागच्या अंगाला एक पोकळ लोखंडी पेटी बसवलेली असे. तिला ‘वॉटर-बॅक’ म्हणत. दोन नळ्यांनी ती शेजारच्या उभ्या टाकीला जोडलेली असायची. जाळ लागला की पेटीतलं पाणी तापून टाकीत चढे आणि टाकीतलं गार पाणी पेटीत उतरे. पंप नाही, काही नाही. दिवसभर स्वयंपाक चाले आणि आयतं पाणी तापे.

कडाक्याच्या रात्री शेगडी विझली की नळ्या गोठत. पहाटे घरातली मोलकरीण किंवा गृहिणी उठून नेहमीप्रमाणे जाळ घाली. पेटीतल्या पाण्याची वाफ होऊ लागे आणि तिला जायला वाटच नसे, कारण दोन्ही नळ्यांत बर्फाची बुचं बसलेली असत. मग शेगडीचे तुकडे स्वयंपाकघरभर उडत. अशा स्फोटांच्या बातम्या हिवाळ्यातल्या वर्तमानपत्रांत येत. थंडीत जाळ घालण्याआधी गरम पाण्याचा नळ सोडून धार येते का ते पाहा आणि घर बंद ठेवणार असाल तर आधी सगळं पाणी काढून टाका, असं जाणती माणसं सांगत. ट्रेलरमालक आज जे करतो त्याचं मूळ या स्वयंपाकघरात आहे. पुढे बदललं ते एवढंच की जिवावरचा धोका खिशावर आला.

वॉटर-बॅकला पर्याय गॅसने दिला. लंडनमध्ये रंगकामाचा व्यवसाय करणाऱ्या बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८मध्ये ‘गीझर’ नावाचं यंत्र आणलं. वाहतं पाणी गॅसच्या ज्योतीवरून नेऊन लगेच तापवायचं, साठवायचं नाही. धूर बाहेर न्यायला नळकांडं नसल्याने न्हाणीघरात गुदमरायची सोय मात्र त्यात होती. १८८९मध्ये पिट्सबर्गमध्ये नॉर्वेहून आलेल्या एडविन रूड यांनी आपोआप चालू-बंद होणारा, साठवणीच्या टाकीचा हीटर तयार केला. या जातीच्या गॅस टाक्यांचं पुढे रुळलेलं रूप मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. मधोमध धुराची नळी, भोवती पाणी आणि खाली तोटी, म्हणजे परसात धगधगणारा तांब्याचा बंबच. फरक दोन. बंबाला थर्मोस्टॅट नव्हता, आणि बंब वरून मोकळा असल्याने त्यात दाब साचत नसे. गॅसची टाकी बंद असते, म्हणून तिला सुरक्षा झडप लागते, आणि गोठलेल्या पाण्याला फुगायला जागा मिळत नाही ती याच बंदिस्तपणामुळे.

हे सगळं चाकांवर चढायला अजून बराच अवकाश होता. हौसेखातर फिरतं घर बांधून घेणाऱ्यांत पहिलं नाव घेतात ते विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचं. ब्रिटिश आरमारातले हे निवृत्त शल्यवैद्य मुलांसाठी साहसकथाही लिहीत. १८८५मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ ही दोन घोड्यांची गाडी बनवून घेतली आणि नोकर, गाडीवान बरोबर घेऊन इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत भटकंती केली. त्यांच्या गाडीला नळ नव्हते. नळ नव्हते म्हणून गोठण्याचा प्रश्नही नव्हता. अमेरिकेतला १९१३चा ‘अर्ल’ ट्रेलर आज इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या संग्रहालयात आहे. तंबूचे सोडले तर उरलेल्यांतला हा सर्वांत जुना मानतात. त्यातही झोपायची-बसायची सोय आहे, नळजोडणी नाही.

शिवाय सुरुवातीचे ट्रेलरवाले थंडीत ट्रेलर उभा करून ठेवत नसत, उलट थंडी टाळायलाच त्यात बसून निघत. १९१९मध्ये फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहरी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची मंडळी एकत्र आली. उत्तरेत बर्फ पडू लागला की ही माणसं फोर्ड गाड्या घेऊन दक्षिणेत उतरत. गाडीच्या रेडिएटरच्या टोपणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. स्थानिक व्यापाऱ्यांना ते फारसे आवडत नसत, कारण डबाबंद अन्न ते घरूनच आणत आणि खर्च करत नसत. ट्रेलर म्हणजे हिवाळ्यात वापरायची वस्तू, असा तो काळ होता.

१९३०च्या दशकात मंदीतही हा धंदा फोफावला. डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी विकत घेतलेला घडीचा तंबू-ट्रेलर पावसात धड उभा राहीना, तेव्हा त्यांनी स्वतःच पक्क्या भिंतींचा ट्रेलर बांधून घेतला. त्यातून ‘कव्हर्ड वॅगन’ ही कंपनी उभी राहिली आणि काही वर्षांत देशातली सर्वांत मोठी ठरली. वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरात राहायला जाईल, असं भाकीत रॉजर बॅब्सन या नामांकित अर्थतज्ज्ञाने याच सुमारास केलं. अर्थतज्ज्ञांची भाकितं जशी असतात तसंच हे निघालं. १९३६मध्ये वॉली बायम यांचा अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ १,२०० डॉलरना मिळू लागला. चौघांची झोपायची सोय, विजेचे दिवे आणि स्वतःचं पाणी, हे त्याचं वैभव.

आंघोळ मात्र अजून बाहेरच होती. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रकारखान्यांच्या गावी घरं पुरेनात, तेव्हा कामगारांना हजारो ट्रेलर देण्यात आले. त्या वस्त्यांमध्ये न्हाणीघरं आणि संडास सामाईक इमारतीत असत. बर्फातून टॉवेल खांद्यावर टाकून चालत जाणं सुखाचं नव्हतं, पण फुटण्यासारखी नळजोडणी ट्रेलरात नव्हती.

युद्धानंतर ट्रेलरच्या वंशाला दोन फांद्या फुटल्या. १९५४च्या सुमारास विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्राय यांनी १० फूट रुंदीचं ‘मोबाइल होम’ बाजारात आणलं. इतकं रुंद घर रोज गाडीमागे ओढून नेणं शक्य नव्हतं. ते एकदा नेऊन ठेवायचं आणि त्यात बारा महिने राहायचं. या फांदीत घर सतत तापलेलं असतं, नळ रोज वाहतात. दुसरी फांदी सुट्टीच्या ट्रेलरची. १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं सुरू झालं. पगारी रजा मिळणारा कारखान्यातला कामगार उन्हाळ्यात दोन आठवडे कुटुंबासह बाहेर पडू लागला. म्हणजे ट्रेलर वर्षातून जेमतेम काही आठवडे वापरायचा आणि उरलेले महिने दारात ठेवायचा. हिवाळी साठवणीची रीत इथून सुरू होते. ट्रेलर थंडीपासून पळायचं सोडून थंडीत एकटा उभा राहू लागला, आणि नेमक्या त्याच वर्षांत त्याच्या भिंतींत पाणी शिरलं.

ते शिरवण्यात बायम यांचा मोठा हात. त्यांना तांडे काढायचा नाद होता. १९५१मध्ये त्यांनी मेक्सिकोला ट्रेलरांचा तांडा नेला आणि १९५९-६०मध्ये केपटाउनहून थेट कैरोपर्यंत. अशा वाटेवर रात्री नळाला आणि विजेला जोडून घ्यायची सोय कुठून असणार? १९५७चा एअरस्ट्रीम ‘इंटरनॅशनल’ त्यासाठीच ‘स्वयंपूर्ण’ म्हणून विकला गेला. पाणी, उष्णता, उजेड, सगळं आत, बाहेरच्या जोडणीवाचून चालणारं. बायम १९६२मध्ये गेले. पुढच्या वर्षी सिंगापूरहून निघालेला तांडा भारतातून जाऊन युरोपात पोचला, तेव्हा तो दिसलेल्या भारतीयांना आत नळ सोडला की गरम पाणी येतं यावर विश्वास ठेवणं अवघड गेलं असणार. त्या काळी इथल्या बहुतेक घरांत तशी सोय नव्हती.

ट्रेलरातलं पाणी तापवलं प्रोपेनने. हा वायू उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, त्यामुळे बर्फातही सिलिंडरमधून निघतो. गॅस तयार, पाणी गोठलेलं, अशी विचित्र स्थिती त्यामुळे होऊ शकते. या बाजारात पुढे दोन नावं मोठी झाली. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डची अ‍ॅटवुड ही १९०९मध्ये सुरू झालेली आणि पुढे मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी. दुसरी टेनेसी राज्यातल्या डेटनची सबर्बन. डेटन हे १९२५च्या गाजलेल्या ‘माकड खटल्या’चं गाव, जिथे शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला चालला. दोन्ही कंपन्यांच्या टाक्या साधारण ६ किंवा १० गॅलनच्या, म्हणजे २३ किंवा ३८ लिटरच्या. पण अ‍ॅटवुडची टाकी अ‍ॅल्युमिनियमची आणि बूच नायलॉनचं, तर सबर्बनची टाकी आतून काचेसारखा मुलामा दिलेल्या पोलादाची. तिच्या बुचाला धातूची एक लांब कांडी जोडलेली असते.

ही कांडी म्हणजे हिवाळी कामातली सर्वांत मजेदार वस्तू. नवी असताना ती गुळगुळीत, अंगठ्याएवढी जाड असते. हंगाम संपल्यावर बाहेर काढली की किडलेल्या काटकीसारखी खडबडीत, कुठे कुठे आतल्या तारेपर्यंत झिजलेली निघते. ती मॅग्नेशियमची असते. मॅग्नेशियम पोलादापेक्षा लवकर झिजतं, म्हणून पाण्यातली गंजण्याची क्रिया कांडीवर होते आणि टाकी वाचते. तीन चतुर्थांश झिजली की बदलायची. टाकी रिकामी करणं आणि कांडी तपासणं एकाच पान्यात होतं. पुष्कळ जण थंडीची भीती नसलेल्या राज्यांतही वर्षातून एकदा बूच उघडतात ते याचसाठी.

ही युक्ती हम्फ्री डेव्ही यांची. १८२०च्या दशकात ब्रिटिश आरमाराने त्यांना जहाजांच्या बुडाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्रात का खंगतो ते विचारलं. त्यांनी पत्र्याला लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं शाबूत राहिलं, लोखंड झिजलं. प्रयोगासाठी वापरलेल्या जहाजांत ‘समरंग’ ही २८ तोफांची फ्रिगेट होती, आणि ती १८२२मध्ये आपल्या कोचीनला बांधलेली होती. मात्र आरमाराला हा शोध मानवला नाही. तांबं विरघळेनासं झालं तसे त्याला शिंपले-शेवाळ चिकटू लागले, कारण विरघळणारं तांबंच त्यांना दूर ठेवत होतं. जहाजांनी नाकारलेली युक्ती पुढे पाण्याच्या टाक्यांनी उचलली. टाकीला शिंपले चिकटत नाहीत.

टाकी झाली, आता नळ्या. सुरुवातीला त्या तांब्याच्या असत. १९७०च्या दशकानंतर करड्या रंगाच्या पॉलिब्युटिलिनच्या नळ्या आल्या. त्या स्वस्त होत्या, वाकत होत्या आणि घरं-ट्रेलर दोन्हींत सर्रास बसवल्या गेल्या. पुढे त्यांचे सांधे गळू लागले आणि १९९५मध्ये अमेरिकी न्यायालयात अब्जावधी रुपयांच्या भरपाईने प्रकरण मिटलं. त्यांची जागा घेणारी ‘पेक्स’ नळी जर्मनीच्या थॉमस एंगेल यांच्या १९६०च्या दशकातल्या संशोधनातून आली. ती गोठल्यावर थोडी फुगते आणि पुन्हा पूर्ववत होते. त्यामुळे आता पाणी काढायची गरज नाही, असा समज पसरला. नळी टिकते हे खरं, पण नळीच्या टोकांना असलेले प्लास्टिकचे सांधे, पंप, तोट्या आणि टाकी टिकत नाहीत.

फुटतं नेमकं कशाने, याबद्दलही जुना समज चुकीचा होता. इलिनॉय विद्यापीठातल्या इमारत संशोधन केंद्रात १९९०च्या दशकात जेफ्री गॉर्डन यांनी घराच्या पोटमाळ्यातल्या नळ्या मुद्दाम गोठवून पाहिल्या. बर्फ नळीला आतून रेटून फोडतो, असं सगळे मानत. दिसलं ते वेगळंच. एका जागी बर्फाचं बूच तयार होतं, ते वाढत जातं आणि त्याच्या व बंद नळाच्या मध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब प्रचंड चढतो. नळी बहुधा फुटते ती बर्फ नसलेल्या जागी. हवेचं तापमान सुमारे उणे ७ अंशांपर्यंत उतरलं की धोका, हा त्यांचा आकडा पुढे विमा कंपन्यांनी उचलला. थंडीच्या रात्री नळ बारीक सोडून ठेवायचा जो घरगुती उपाय आहे, तो या निष्कर्षाने खरा ठरला. नळ सुटा असला की दाब साचत नाही. आणि मेजर विल्यम्स यांच्या गोळ्यांतलं बूचही लोखंड फुटण्याआधी उडालं होतंच की.

पाणी काढण्याचे आज दोन संप्रदाय आहेत. एक हवेचा. कॉम्प्रेसर जोडून नळ्यांतलं पाणी फुंकून बाहेर काढायचं. या पंथाचे लोक दाब जपून ठेवतात, कारण जास्त जोर लावला तर थंडीआधी आपणच सांधे फोडू. दुसरा गुलाबी पाण्याचा. पंपाने गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारा द्रव, सगळ्या नळ्यांत भरायचं, प्रत्येक नळातून गुलाबी धार आली की बंद करायचा, मोरीच्या वळणातही कपभर ओतायचं. टाकीत मात्र ते भरत नाहीत. सहा-दहा गॅलनचं गुलाबी पाणी वाया घालवण्यापेक्षा टाकीला वळसा घालणाऱ्या झडपा फिरवून तिला वगळतात. टाकी रिकामी करण्याचं काम म्हणूनच या संपूर्ण विधीत आधी येतं. हा वळसा घ्यायला विसरणारे दर वर्षी असतात आणि डबे संपेपर्यंत नळातून गुलाबी का येत नाही याचा विचार करत बसतात. डब्यावर छापलेला उणे ४६ अंशांचा आकडाही फसवा. तो नळी फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा आहे. द्रव त्याच्या कितीतरी आधी, उणे १२च्या आसपास, गोळ्यासारखा घट्ट व्हायला लागतो.

गुलाबी रंगाला मोठा अर्थ आहे. थंडीत न गोठणाऱ्या द्रवांची सुरुवात मोटारीच्या रेडिएटरमध्ये झाली. आधी लोक रोज रात्री रेडिएटर रिकामा करत किंवा त्यात मद्यार्क ओतत, तो उडून जाई. १९२७मध्ये आलेल्या ‘प्रेस्टोन’ने इथिलीन ग्लायकॉल रूढ केलं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अदॉल्फ वुर्त्झ यांनी हे रसायन १८५०च्या दशकातच तयार केलं होतं. रेडिएटरला ते उत्तम, पोटाला विष, आणि चवीला गोड, म्हणून दुप्पट घातक. ट्रेलरच्या नळातून वसंतात मुलं पाणी पिणार. तिथे वापरतात ते प्रोपिलीन ग्लायकॉल, जे खाद्यपदार्थांतही चालतं. मोटारीचं हिरवं आणि ट्रेलरचं गुलाबी यांची गल्लत होऊ नये म्हणून रंगाची ही सोय.

या कुळातल्या गल्लतींची किंमत लोकांनी मोजली आहे. १९३७मध्ये अमेरिकेतल्या एका औषध कंपनीने सल्फाच्या औषधाचं पातळ रूप बनवताना डाय-इथिलीन ग्लायकॉल वापरलं. शंभरावर माणसं दगावली, त्यांत मुलं पुष्कळ होती, आणि १९३८चा औषध कायदा त्यातून झाला. मुंबईत १९८६मध्ये जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळ झालेलं ग्लिसरीन रुग्णांना औषध म्हणून दिलं गेलं आणि चौदा जण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. त्याच्या अहवालाने महाराष्ट्राचं राजकारणही हादरलं. डबा उचलण्याआधी लेबल वाचावं हा सल्ला त्यामुळे साधा वाटला तरी साधा नाही.

युरोपने याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. म्युनिकजवळच्या ट्रुमा कंपनीने आपल्या हीटरला एक झडप बसवली. आसपासचं तापमान सुमारे ३ अंशांवर आलं की ती स्वतः उघडते आणि टाकी रिकामी करते. माणसाच्या विसराळूपणावर हा उत्तम उपाय, पण झडपेला माणसाचा बेत कळत नाही. थंड रात्री मुक्कामी असताना ती मध्यरात्रीच भडाभडा पाणी सोडून देते आणि सकाळी टाकी कोरडी. म्हणून पुष्कळ जण तिच्या कळीला कपडे वाळवायचा चिमटा लावून ती बंद अडकवून ठेवतात. यंत्राने दिलेली सुरक्षितता चिमट्याने काढून घ्यायची, हा प्रकार आपल्याकडेही कुणाला नवा नाही.

उत्तरेत रीत पक्की झाली, कारण तिथे चुकलं तर शिक्षा हमखास. दक्षिणेत चुकणाऱ्याला थंडी सहसा माफ करते, म्हणून सवयच लागत नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्ससवर आर्क्टिकची थंड हवा उतरली. डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर पारा उणे १९ अंश सेल्सियसला पोचला, वीज गेली आणि पोटमाळ्यातून नेलेल्या घरांच्या नळ्या राज्यभर फुटल्या. प्लंबर पुरेनात, बाहेरच्या राज्यांतून बोलवावे लागले. अशा गारठ्याला ट्रेलरही अपवाद नसतात. त्यांच्या नळ्या घरापेक्षा पातळ भिंतींत असतात आणि टाकीचं एक तोंड थेट बाहेरच्या हवेला असतं. त्याच वर्षी अमेरिकेत सुमारे ६ लाख नवे ट्रेलर आणि मोटारघरं कारखान्यांतून बाहेर पडली, जो या धंद्याचा विक्रम होता. कोविडच्या साथीत विमान आणि हॉटेल टाळणाऱ्यांनी ती घेतली आणि त्यांतल्या पुष्कळांनी आयुष्यात कधी टाकीचं बूच पाहिलेलं नव्हतं.  उत्तरेकडच्या विक्रेत्यांच्या आवारात ऑक्टोबर म्हणजे बूच काढून घ्यायला आलेल्यांची रांग.

आता नव्या ट्रेलरांत टाकीच काढून टाकायची चाल आहे. त्यांत पाणी साठवत नाहीत, वाहतं तापवतात, म्हणजे मॉन यांच्या १८६८च्या गीझरची कल्पना दीडशे वर्षांनी चाकांवर परत आली आहे. गरम पाणी संपत नाही, कांडी बदलावी लागत नाही, २३ लिटर पाण्याचं वजन कमी होतं. पण ज्योतीभोवतीच्या बारीक धातूच्या नळ्यांत थोडंसं पाणी राहतंच, आणि पातळ नळीला फुटायला थोडंच पुरतं. जुनी टाकी फुटली तर निदान दुसरी टाकी तशाच मापाची मिळत असे. इथे सगळा उष्णता-विनिमयकच बदलावा लागतो आणि त्याची किंमत पाहून माणूस गार होतो. काही उत्पादकांनी रिकामं करायचं काम सोपं करायला पिवळा खटका दिला आहे. तो ओढला की पाणी गळतं आणि गाळणी हातात येते. बाकी पायऱ्या जुन्याच, म्हणजे गॅस बंद, वीज बंद, निवू द्यायचं, नळ मोकळे सोडायचे. वसंतात खटका जागी बसवून, नळ्या भरपूर पाण्याने धुऊन गुलाबी चव गेली की मग ज्योत लावायची. रिकाम्या यंत्रात आग लावली तर ते थंडीऐवजी उष्णतेने जातं, आणि विजेचा हीटर असलेल्या जुन्या टाक्यांमध्ये पाणी तापवणारी विजेची कांडी कोरडी राहून काही मिनिटांत जळून जाते. वसंतात दुरुस्तीला येणाऱ्या नगांत हेही असतात.